पहिल्या बाकावर ऐकू येत नाही

"देसले मॅडम, ती पोरगी नाटक करते. मी लिहून देते तुम्हाला."

पाचवीच्या वर्गशिक्षिका काळे मॅडमनी मला शाळेच्या गेटातच गाठलं. मी नुकती रिक्षातून उतरत होते.

"कोण पोरगी?"

"निकिता. तुमची ती कर्णबधिर. पहिल्या बाकावर बसवली की तिला काही ऐकू येत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली की सगळं ऐकू येतं. मला सांगा, हे असलं कुठलं बहिरेपण?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा स्वभावच तसा आहे. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी मी जुडी सोडून आतून बघते. आमचे मिस्टर यावरून मला आयुष्यभर चिडवत आलेत.

मी विशेष शिक्षिका. म्हणजे काय ते आधी सांगते. पूर्वी अपंग मुलांच्या शाळा वेगळ्या असायच्या. आता धोरण असं आहे की ही मुलं शेजारच्या साध्या शाळेत, इतर मुलांबरोबरच शिकतील. याला समावेशित शिक्षण म्हणतात. धोरण चांगलं आहे. फक्त वर्गात बाई एकच असते. तिला मदत म्हणून माझ्यासारखी एखादी बाई अनेक शाळांमध्ये फिरते. भिवंडीतल्या ज्या शाळा माझ्याकडे होत्या, त्यांत नारपोलीची ही शाळा होती. मी टेमघरला राहते, त्यामुळे ती मला त्यातल्या त्यात जवळची. तरी एका शाळेत माझी फेरी व्हायची पंधरवड्यातून एकदा.

निकिता पाचवीत होती. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात तिचे कान गेले. तोपर्यंत ती बोलायला शिकली होती, म्हणून बोलायची. उच्चार सपाट यायचे, अर्धे शब्द गिळायची. तिच्याकडे अपंगत्वाचं कार्ड होतं. त्यावर तीव्र श्रवणदोष असं लिहिलेलं होतं. कधीतरी मिळालेलं श्रवणयंत्र मोडून दोन वर्षं झाली होती. शनिवारी शिबिर होतं आणि त्यात तिला नवं यंत्र मिळणार होतं. त्यासाठी मुख्याध्यापकांची शिफारस लागते. त्या शिफारशीवर सही व्हायची बाकी होती.

"भोईर सर सही करणार नाहीत म्हणालेत," काळे मॅडम म्हणाल्या. "मीच त्यांना सांगितलं."

मग त्या भडाभडा बोलल्या. त्या मूळच्या बीडच्या. नोकरीसाठी भिवंडीत खोली घेऊन राहणाऱ्या. "तुम्ही येता आणि 'पहिल्या बाकावर बसवा' सांगून जाता. माझ्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत. ओंकार मिनिटामिनिटाला दाराबाहेर पळतो, म्हणून मी टेबल दारात लावलंय. तिघांना अजून वाचता येत नाही, त्यांना वेगळं शिकवायचं. दर आठवड्याला कसली ना कसली ऑनलाइन माहिती भरायची. एवढं करून या पोरीसाठी मी घसा फोडून बोलते, आणि ही तिकडे कट्ट्यावर बसून हसते. माझीच थट्टा चालल्यासारखं वाटतं मला."

त्यांचं बोलणं मला पटलं. अशा वर्गात मी आठवडाभर तरी टिकले असते का, याची मला शंका आहे.

भोईर सर ऑफिसात चहा पीत होते. माणूस इथलाच. भावांची जवळच्या पूर्णा गावात जमीन होती, तिथे आता गोडाऊन उभी आहेत. सर मात्र मास्तरकीत रमले.

"बसा मॅडम. हे बघा, मी त्या पोरीचा दुश्मन नाय," ते म्हणाले. "पन हल्ली कार्डं कशी निघतात ते तुमाला ठावं हाय. मागच्या शाळंत माज्या सहीवर एक खोटी केस निघाली. चौकशी माझी झाली, बाप मोकला सुटला. आता मला दाखवा, पोरगी बहिरी हाय. मी इथंच सही करतो."

"सर, रिपोर्ट आहे तिचा."

"रिपोर्ट कागद हाय. पोरगी माज्या डोल्यासमोर ऐकते."

मी त्यांची बाजू घ्यावी की पोरीची, हे मला ठरवता येईना. खोट्या केसेस मीही पाहिल्यात. दिसत नाही असं दाखवायला चष्मा काढून ठेवून भिंतीवर जाऊन आपटणारा मुलगा मी स्वतः पकडलेला आहे. आणि दुसरीकडे, एखादं खरं बहिरं मूल नाटकी ठरलं तर त्याचं यंत्र जातं, परीक्षेतली सवलत जाते, आणि वर्गात ते कायमचं खोटारडं म्हणून बसतं. नवी तपासणी मागावी तर त्या रांगेत महिने जातात. शिबिर शनिवारी होतं.

तेव्हा मी स्वतःच खात्री करायची ठरवलं.

निकिताला मी खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं. दार लावलं. तिला चित्र काढायला बसवलं आणि मागे उभी राहिले. तोंडापुढे वही धरून तिचं नाव घेतलं. आधी हळू, मग मोठ्याने. पोरगी चित्रात दंग. मागून टाळी वाजवली. काही नाही. शेवटी लेझीमच दणादण वाजवलं. बाहेरचा शिपाई आत डोकावला, निकिता नाही.

बहिरी आहे, मी मनात म्हटलं.

मग वर्गात गेले. काळे मॅडमचा वर्ग शाळेत सगळ्यात शांत. त्यांना त्याचा अभिमान होता. शेजारच्या वर्गातून बाजारासारखा गलका यायचा आणि इथे पंखा फिरलेला ऐकू यायचा. निकिता आपली खिडकीच्या कट्ट्यावर, पाय दुमडून. त्या कट्ट्यावर बसलं की फळा तिरका दिसतो. मुलं मात्र सगळी समोर दिसतात. हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

मी मागच्या भिंतीशी गेले. निकिता माझ्याकडे बघत नव्हती. मी पुन्हा तोंडापुढे वही धरली आणि साध्या आवाजात म्हणाले, "निकिता, उभी राहा."

निकिता उभी राहिली.

"पुस्तक बंद कर."

तिने पुस्तक बंद केलं.

काळे मॅडमनी दारातून 'बघितलंत ना?' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मला राग आला. एकटी असली की बहिरी आणि चारचौघांत ऐकणारी. लेझमाच्या आवाजालाही न दचकण्याची तयारी कुणीतरी या पोरीकडून करून घेतली असणार, असं माझ्या डोक्यात बसलं. आणि हे काम घरचंच.

दुसऱ्या दिवशी फेरी नसतानाही मी आले आणि निकिताच्या आईला बोलावलं.

सुरेखाताई आल्या. मुरबाडकडच्या खेड्यातल्या. नवरा टेम्पोवर, त्या स्वतः नारपोलीतल्याच एका लूमच्या कारखान्यात कांडी भरायला. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. लूम चालतात तोवर कांड्या भरत राहाव्या लागतात. केसांत, भुवयांवर कापसाची पांढरी धूळ तशीच होती. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, निकिता त्यांच्या बाजूला उभी.

अशा मुलांच्या पालकांना आम्ही काही ठरावीक प्रश्न विचारतो. घरात कोण कोण असतं, मूल दिवसभर कुठे असतं, आजूबाजूला आवाज किती.

"शाळा सुटल्यावर निकिता कुठे असते?"

"घरी."

"एकटी?"

"हा. नाय म्हंजे, शेजारीन हाय."

"तुमच्या कारखान्यात येते का कधी?"

"न्हाय न्हाय. कदीच न्हाय."

हे इतक्या झटकन आलं की मी पेन खाली ठेवलं. एखादी साधी बाई एका साध्या प्रश्नाला दोनदा न्हाय म्हणते, तेव्हा काहीतरी असतंच. मग मी जे पाहिलं त्याने माझी खात्रीच पटली. सुरेखाताईंनी मान जराशी वळवली आणि त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. निकिताने तत्काळ खाली बघितलं आणि त्यानंतर मी काहीही विचारलं तरी तिने तोंड उघडलं नाही.

माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर आई पोरीला पढवत होती. काय हिंमत म्हणायची.

"ताई, खरं सांगा. निकिताला ऐकू येतं का?"

त्यांचे डोळे भरले. "ऐकू आलं असतं तं तुमच्या पाया पडायला कशाला आली असती मी? परवा रस्त्यात टेम्पोनं हॉर्न मारला. ड्रायवर वरडत व्हता. पोर आपली मदीच चालली. मी नसती तं गेली व्हती."

रडण्यावर मी विश्वास ठेवत नाही. नोकरीत खूप रडणं पाहिलंय. पण हॉर्नची गोष्ट पढवल्यासारखी वाटली नाही. त्या रात्री जेवताना मी तोच विचार करत होते. मिस्टर म्हणाले, "कारखान्यात जाऊन बघ की. एवढं दोनदा न्हाय म्हणाली ना?" त्यांनी हे चिडवायला म्हटलं होतं.

मी गेले.

संध्याकाळची वेळ होती. नारपोलीच्या त्या गल्ल्यांत शिरलं की पायाखालची जमीन थरथरते. दोन्ही बाजूंनी पत्र्याचे कारखाने आणि आत लूम. कारखान्याच्या दारात मुकादमाने अडवलं.

"किससे मिलना है, मॅडम?"

"सुरेखा. कांडीवाली."

"कहां से आयी हो?"

"स्कूल से."

हे शेवटचं मी ओरडून सांगितलं तरी त्याला ते ऐकू आलं असेल असं वाटत नाही. आत पाय टाकला आणि माझे कान बंद झाले. खटखट हा शब्द त्या आवाजाला पुरत नाही. छातीत वाजतं. मी तोंड उघडून बोलत होते आणि माझंच बोलणं मला ऐकू येत नव्हतं. लूमच्या दोन रांगा, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. पलीकडच्या टोकाला कांडीच्या मशिनी, तिथे चार बायका. आणि त्यांच्या पायाशी पोत्यावर, मांडीवर पुस्तक घेऊन निकिता.

कदीच न्हाय म्हणे.

पकडलं, असं मला झालं. खोटं सांगते म्हणून संताप आला आणि आपला अंदाज बरोबर निघाला याचा आनंदही झाला. दोन्ही खरं.

तेवढ्यात या टोकाच्या एका कारागिराने मला पाहिलं. त्याने पलीकडे बघून ओठ हलवले, दोन बोटं खांद्याला लावली. कारखान्याच्या त्या टोकाला सुरेखाताईंनी मान वर केली. शेजारणीने काहीतरी म्हटलं. तिसरी हसली. चौथीने निकिताकडे वळून ओठांनीच एक लांबलचक वाक्य सांगितलं. निकिताने हाताने उत्तर दिलं आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एवढं सगळं बोलणं झालं. आवाज एकीनेही काढला नव्हता. माझ्याबद्दल अख्खा कारखाना बोलत होता आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

मला फार अवघड झालं. तिथे बहिरी एकटी मीच होते.

आणि मग लाइट गेली. भिवंडीत लाइट जाणं ही काही बातमी नाही. लूम धपाधप थांबल्या. कान सुन्न. गल्लीतला कुत्रा भुंकलेला ऐकू आला. आता तरी बायका तोंड उघडून बोलतील म्हणून मी थांबले. दारातून उजेड येत होता, त्यात मला त्या स्पष्ट दिसत होत्या. त्या अजूनही तशाच बोलत होत्या. नुसत्या ओठांनी. आवाज बंद झाला होता, तरी कुणाला आवाजाची गरज वाटली नव्हती.

मी तिथेच सुताच्या एका बीमला टेकले. माझ्या टेबलाशी हललेले सुरेखाताईंचे ओठ आठवले. आणि काळे मॅडमचा तो शांत वर्ग आठवला. त्या वर्गातली बहुतेक मुलं याच गल्ल्यांतली. संध्याकाळी आई-बापाबरोबर अशाच कारखान्यांत पोत्यावर बसणारी.

सुरेखाताई घाबऱ्याघुबऱ्या पुढे आल्या. आता त्या बोलल्या ते जरुरीपेक्षा मोठ्याने.

"मॅडम, पोर काम न्हाय करत. देवाशपथ न्हाय. नुसती बसते. खोलीवर एकटी कशी ठेवू? दाराची कडी कुनी वाजवली तं तिला समजत न्हाय."

"मग मला खोटं का सांगितलं?"

"तुमी वही काढली ना. मला वाटलं, बालमजुरीवाल्या मॅडम. गेल्या साली पलीकडच्या कारखान्यात आल्या व्हत्या. शेठवर केस झाली, बाया घरी बसल्या."

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्या माझ्यावर. त्यांचा संशय जास्त रास्त होता, हे मला मान्य करावं लागलं.

"शाळेत माझ्यासमोर निकिताला ओठांनी काय सांगितलं?"

त्या ओशाळल्या. "कारखान्याचं बोलू नको म्हनली."

"आणि आत्ता या बाया काय म्हणाल्या मला बघून?"

"काय न्हाय, मॅडम."

मागून निकिता सपाट आवाजात म्हणाली, "धाड आली म्हनल्या."

दुसऱ्या दिवशी मी भोईर सरांना म्हटलं, "सर, पाचवीत चला. दोन श्रुतलेखनं घेऊ. मग तुम्हीच ठरवा."

काळे मॅडमना मी सगळं आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मुलांना दम भरला असता आणि प्रयोग फुकट गेला असता. निकिता कट्ट्यावर. मॅडम फळ्याकडे तोंड करून उभ्या. त्यांनी धड्यातले शब्द वाचायचे, मुलांनी लिहायचे.

पहिल्या खेपेला मुलांना मी काहीच सूचना दिली नाही. मात्र सरांना मागे उभं केलं आणि त्यांच्या कानात सांगितलं, "निकिताकडे बघू नका. बाकीच्यांची तोंडं बघा."

मॅडमनी पहिला शब्द वाचला. पुढची एक मुलगी कट्ट्याकडे वळली. ओठ हलले. मधल्या रांगेतल्या मुलाने त्याच शब्दासाठी बोटांनी काहीतरी केलं. मागच्या दोघांचे ओठ हलले. निकिताने लिहिलं. मॅडमची पाठ होती. वर्गात पंख्याशिवाय आवाज नव्हता आणि निम्मा वर्ग बोलत होता. निकितालाच सांगत होता असंही नाही. एकमेकांना शब्द पुरवत होते, मध्येच एकजण डब्यात काय आहे ते विचारत होता. तेवढं मलाही कळलं.

दुसऱ्या खेपेला मी सगळ्यांना बाकावर डोकं टेकून, डोळे मिटून बसायला सांगितलं. लिहायचं फक्त निकिताने. मॅडमनी तशाच पाठमोऱ्या शब्द वाचले, आधीपेक्षा मोठ्याने. निकिता वाट बघत राहिली. एकेक डोकं निरखत राहिली. मग तिला समजलं की कुणी वर बघणारच नाही. तिने वही मिटली आणि कट्ट्याच्या गजाला धरून बसली. तिचा चेहरा बघवत नव्हता. मी लगेच मुलांना उठवलं.

मी काळे मॅडमना मुलांच्या ओठांचं सांगितलं. त्यांनी निकिताची दोन्ही श्रुतलेखनं पाहिली आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे अख्खा वर्ग कॉपी करतो," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, माझा वर्ग शिस्तीचा."

"तेही खरं."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग त्यांनाच हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले. "ही पोरगी माझ्यावर हसतेय असं मला वाटायचं, मॅडम. रोज वाटायचं. घरी जाऊन मी त्याच विचारात असायचे."

"ती डब्यावर हसत होती."

भोईर सर अजून मागेच उभे होते. ते गंभीर झाले होते. "कॉपी झाली ती झालीच," ते म्हणाले. "हिचे आतापर्यंतचे मार्क काय धरायचे?"

"काही धरू नका, सर. पण तुम्हाला बहिरेपण बघायचं होतं. दुसऱ्या खेपेला बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग सही?"

सर दाराकडे वळले. मला पुन्हा शंका आली की आता काहीतरी नवीन काढणार. ते हळूच वर्गाच्या दारापर्यंत गेले, व्हरांडा ओलांडून मैदानात उतरले आणि झेंड्याच्या खांबाजवळ जाऊन वळले. खिडकीतून निकिताला दिसतील असे उभे राहिले. हात वर करून तिचं लक्ष वेधलं. मग सरांचे ओठ हलले. हाताची पालथी मूठ त्यांनी दोनदा छातीशी फिरवली. निकिताचे डोळे मोठे झाले. तिने गजातून हात बाहेर काढून उत्तर दिलं आणि खुदकन हसली. सरही हसले.

ते परत आले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला येतं हे?"

"आमचा कारखाना व्हता, मॅडम. गोडाऊनच्या आदी. लूम भंगारात गेल्या तवा मी डीएडला व्हतो. हे तोंडानं बोलनं मी विसरलो असंन असं वाटलं व्हतं. नाय विसरलो."

"मग इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"ऑफिसातून कोनाची तोंडं दिसत नाय," सर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पोरीला काय सांगितलंत म्हणून विचारलं, तर ते टाळून गेले.

शनिवारी शिबिराला मी स्वतः गेले. सुरेखाताईंनी खाडा केला होता. केस धुतलेले, भुवयांवर धूळ नव्हती, त्यामुळे मी त्यांना आधी ओळखलंच नाही. तंत्रज्ञाने निकिताच्या कानात यंत्र बसवलं, आवाज हळूहळू वाढवला आणि मला मागे उभं राहायला खुणावलं. या वेळी मी वही धरली नाही, पण तिच्या पाठीमागेच होते.

"निकिता," मी म्हटलं.

ती दचकली. पण वळली नाही. आधी तिने समोर बसलेल्या आईच्या तोंडाकडे पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते. मग तंत्रज्ञाच्या तोंडाकडे पाहिलं. तेही मिटलेलं. मग ती सावकाश मागे वळली आणि माझ्या ओठांकडे बघत बसली. आवाज आला होता, पण तो कुणाचा याचा पुरावा तिला हवा होता. कोथिंबिरीची जुडी मी जशी बघते तशीच ती मला बघत होती. मी पुन्हा म्हटलं, "निकिता." तिने ओठ पाहिले, आवाज ऐकला, दोन्ही जुळवलं आणि मग कुठे मान हलवली.

सुरेखाताई तोंडाला पदर लावून रडत होत्या. निकिताने पुढे होऊन तो पदर तोंडावरून बाजूला केला. ओठ दिसले पाहिजेत ना.

निघताना मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "भोईर सरांनी मैदानातून काय सांगितलं होतं?"

तिने आईकडे पाहिलं. आईने मानेनेच परवानगी दिली.

"या मॅडमचा कुनावरच इश्वास न्हाय, म्हनले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"माजा बी न्हाय, म्हनली."

निकिताला आता पुन्हा कट्ट्यावर बसवतात. माझ्या नावाने, माझ्या शिफारशीवरून. यंत्राने सगळं काही ऐकू येत नाही, आणि आम्हा लोकांचा 'पहिला बाक' हा सल्ला तिच्यापुरता चुकीचा होता. पुढे बसली की फळा दिसतो आणि पाठमोरी बाई दिसते. बोलणारी तोंडं मागे राहतात. श्रुतलेखनाला मात्र बाकीची मुलं डोकं टेकतात आणि काळे मॅडम तिच्याकडे तोंड करून वाचतात. त्यामुळे वेळ दुप्पट जातो आणि तेवढ्यात ओंकार पळतो. निकिताचे मार्क बरेच घसरले. पण जे आहेत ते तिचे आहेत. संध्याकाळी कारखान्यात गेली की यंत्र काढून डब्यात ठेवते. तिथे तिला ते लागत नाही.

नव्या विशेष शिक्षिका माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना मी एवढंच सांगते. वर्ग गलका करत असेल तर निर्धास्त आत जा. शांत असला, तर आधी फळ्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि मुलांची तोंडं बघा.